संप्रेरकांचे आकडे आणि गर्भधारणा : दांपत्यांसाठी माहिती

विवाहाला काही वर्षे लोटली तरी घरात पाळणा हलत नाही, तेव्हा दांपत्य डॉक्टरांकडे जाते आणि रक्ताच्या तपासण्या सुरू होतात. हाती पडणाऱ्या अहवालात ए.एम.एच., एफ.एस.एच., प्रोजेस्टेरॉन अशी नावे आणि त्यांपुढे आकडे असतात. एखादा आकडा कमी दिसला की घरात निराशा पसरते व बहुधा स्त्रीलाच दोष दिला जातो. म्हणून या आकड्यांचा खरा अर्थ आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पार्श्वभूमी

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या वेळी मातेला बीजवृद्धीची औषधे दिलेली नव्हती, मूत्रातील एल.एच. या संप्रेरकाची वाढ मोजून बीजांड काढण्याची वेळ ठरविण्यात आली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी असेच बालक जन्मले. बीजकोशाला चालना देणाऱ्या औषधांचा इतिहासही आपल्या वाचकांना रोचक वाटेल. रजोनिवृत्तीनंतर मूत्रात एफ.एस.एच. व एल.एच. यांचे प्रमाण वाढते. १९५० च्या दशकाअखेरीस इटलीतील वयोवृद्ध धर्मभगिनींच्या मूत्रापासून असे औषध बनविण्यात आले आणि १९६२ साली इस्रायलमध्ये त्याच्या साहाय्याने पहिले बालक जन्मास आले.

प्रमुख संप्रेरके

१) ए.एम.एच. : बीजकोशातील लहान पुटिका हे संप्रेरक स्रवतात. त्यावरून उपचारात साधारण किती बीजांडे मिळतील याचा अंदाज येतो. बीजांडांचा दर्जा मात्र कळत नाही. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांविषयी अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ए.एम.एच. कमी असलेल्यांची नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही. दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो आणि पस्तिशीनंतर तो अधिक वेगाने घसरतो.

२) एफ.एस.एच. व इस्ट्राडिओल : ही तपासणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. एफ.एस.एच. १० एककांहून अधिक असल्यास बीजसाठा घटत असल्याची शंका येते. इस्ट्राडिओल वाढलेले असल्यास एफ.एस.एच. दबून खोटा दिलासा मिळू शकतो. म्हणून दोन्ही एकत्र वाचावी लागतात.

३) प्रोजेस्टेरॉन : बीजांडे काढण्यापूर्वीच हे सुमारे १.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले, तर गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी परिपक्व होते आणि त्याच पाळीत भ्रूण रोपण केल्यास यशाची शक्यता कमी होते. अशा वेळी डॉक्टर भ्रूण गोठवून पुढील पाळीत रोपण करण्याचा सल्ला देतात.

४) एच.सी.जी. : रोपणानंतर सुमारे दोन आठवड्यांनी याची तपासणी होते. निरोगी गर्भारपणाच्या प्रारंभी हा आकडा साधारणतः दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. त्यामुळे एकाच आकड्यावरून निष्कर्ष न काढता दुसरी तपासणी करतात. वाढ मंद असल्यास गर्भपाताची किंवा गर्भ नलिकेत रुजल्याची शंका घेऊन सोनोग्राफी केली जाते.

ख्रिस्तसभेची शिकवण

या विषयावर ख्रिस्तसभेने १९८७ व २००८ साली अधिकृत मार्गदर्शनपर दस्तऐवज प्रसिद्ध केले आहेत. पती-पत्नींच्या मीलनाची जागा घेणारी, प्रयोगशाळेतील गर्भधारणा ख्रिस्तसभा स्वीकारत नाही. भ्रूण गोठविण्यासही तिचा विरोध आहे. तिसऱ्या मुद्द्यात पाहिल्याप्रमाणे रक्ताचा एक आकडा दांपत्याला अचानक याच निर्णयापुढे उभा करतो. म्हणून उपचाराला होकार देण्यापूर्वीच, किती भ्रूण तयार होणार आणि उरलेल्यांचे काय होणार, हे विचारून घ्यावे.

मात्र ख्रिस्तसभा उपचारांच्या विरोधात नाही, हेही आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. नैसर्गिक गर्भधारणेतील अडथळे दूर करणारे संप्रेरक उपचार, एन्डोमेट्रिऑसिसवरील शस्त्रक्रिया, बंद नलिका मोकळ्या करणे हे सारे २००८ च्या दस्तऐवजाने उचित मानले आहे. थायरॉइडची कमतरता किंवा वाढलेले प्रोलॅक्टिन यांमुळे बीजोत्सर्ग थांबला असेल, तर साध्या गोळ्यांनीही तो पुन्हा सुरू होऊ शकतो. पी.सी.ओ.एस. असलेल्या ७५० स्त्रियांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली.

तपासणीला पती-पत्नींनी जोडीनेच जावे, कारण कारण पुरुषातही असू शकते. अहवालातील आकडा उपचाराची दिशा दाखवितो. तो दांपत्याच्या भवितव्याचा निवाडा नव्हे. उपचार कोणत्याही मार्गाने झालेला असो, जन्मलेले प्रत्येक बालक परमेश्वराचे दान आहे, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्यांच्या पदरी अपत्य नाही त्यांचा विवाहही तितकाच पवित्र व परिपूर्ण आहे. त्यांना टोचणारे प्रश्न न विचारता आपुलकीने साथ देणे, हे धर्मग्रामातील आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.