माळ्यावरील दप्तर

आपल्या संघाच्या वार्षिक सभेत कुलवृत्तांताचा विषय निघाला की वाद हा ठरलेलाच. कोणी आपले मूळ गाव कोकणात सांगतो, कोणी घाटावर. पुरावा विचारला तर उत्तर येते, “आजोबा सांगत असत.” आजोबांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, ते जे सांगत असत ते त्यांच्या माळ्यावरच्या रुमालांत लिहिलेलेही होते. त्या रुमालांचे आपण काय केले, हा प्रश्न सभेत कोणी विचारीत नाही. तो आज मी विचारीत आहे, आणि प्रथम स्वतःला.

पुण्यास सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी त्याची स्थापना केली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यापूर्वीच, १८९८ साली, निघाला होता. त्यातील पत्रे वाईच्या एका घरी सापडलेली होती. पुढे हा विद्वान गावोगाव हिंडला आणि ज्या घरांना आपल्याजवळ काय आहे याची जाणीवही नव्हती, त्या घरांची दारे त्याने ठोठावली. तो स्वभावाने तापट होता. मंडळाशीही त्याचे फार काळ जमले नाही व अखेरीस १९२६ साली धुळ्यास त्याने देह ठेवला. परंतु संस्था टिकली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. आज तेथे सुमारे १५ लाख कागद आहेत. शिवाय हस्तलिखित पोथ्या, नाणी, चित्रे आहेत. मोडी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा नाना लिप्यांचे व भाषांचे ते भांडार आहे.

यांतील पुष्कळसे कागद राजदरबारांतून आलेले नाहीत, ते आपल्यासारख्यांच्या घरांतून आले आहेत, हे विशेष ध्यानात घ्यावे. एकच उदाहरण देतो. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ च्या वैशाखातला, असे दीर्घकाळ मानीत. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती, म्हणजे सालवार घटनांची टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली त्यांनी मंडळाच्या द्वारे ती प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्याचा आधार मिळाला, जोधपूरकडील जन्मपत्रिकेचा मिळाला. वाद तरीही चालूच राहिला. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. जेध्यांच्या घरातील कोणी एखाद्या दिवाळीच्या झाडलोटीत ते बाड बाहेर टाकले असते, तर?

आमच्या घरी नेमके तेच घडले. १९८६ साली आमच्या वाड्याची वाटणी झाली. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले अकरा रुमाल होते. आजोबांना मोडी येत असे, वडिलांना अडखळत, मला मुळीच नाही. त्या वेळी मी शाळेत इतिहास शिकवीत होतो, हे येथे लपवीत नाही. भांडी वाटली, पाट वाटले, जात्याच्या दोन तळ्यांवरूनसुद्धा बोलाचाली झाली. रुमाल मात्र कोणासच नको होते. रद्दीवाल्याने तागडीत तोलून ते नेले. पैसे माझ्याच हाती दिले.

निवृत्तीनंतर मी मंडळाच्या मोडी वर्गास जाऊन बसलो. शेजारी विशीतल्या मुली होत्या, त्या माझ्या आधी वाचावयास शिकल्या! ‘र’ आणि ‘न’ यांत माझी अजूनही गफलत होते. तेथे व्याख्याने होतात, त्रैमासिक निघते, आणि श्रोत्यांस पदवी विचारीत नाहीत. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यास हे सुखाचे वाटले. वर्गातच प्रथम कळले की महजर म्हणजे काय. गावच्या वतनाचा तंटा गोतासमोर चाले, निवाडा कागदावर होई, आणि ज्यांना सही येत नसे ते आपापली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक. एकेका कागदावर अख्खे गाव उभे असते, सर्व जातींसह. केवळ आपल्याच ज्ञातीचा इतिहास शोधावयास जाणारास तेथे शेजाऱ्यांचाही भेटतो. मला तो अधिक गोड लागला.

ज्यांच्या घरी अद्याप दप्तर असेल त्यांस एवढेच सांगणे आहे. ते स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवावे. फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नये. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. घड्या जोराने उलगडू नयेत. कागद देऊन टाकण्याचा धीर होत नसेल तर निदान जाणकारास दाखवून त्याच्या नकला करून घ्याव्यात.

आमच्या अकरा रुमालांपैकी एक कागद मजजवळ आहे. आजोबांनी जुन्या पंचांगास तो वेष्टन म्हणून घातला होता, म्हणून वाचला. वर्गातील एका मुलीच्या मदतीने मी तो लावला. कोणा शेतकऱ्याने आमच्या घरून एक बैल पेरणीपुरता नेला व सुगीनंतर दाणे द्यावयाचे कबूल केले, इतकाच मजकूर आहे. बैल परत आला की नाही, ते बहुधा मागील बाजूस लिहिलेले असावे. परंतु तिला खळ लागली आहे, आणि ती वाचता येत नाही.