रंगाऱ्यांचे प्राध्यापक
(त्रिभुवनदास गज्जर व बडोद्याचे कलाभवन)

उत्सवाच्या दिवशी पालखीपुढे निशाण चालते, देवाच्या अंगावर पीतांबर चढतो आणि सुवासिनी नवी लुगडी नेसून ओटी भरावयास येतात. ह्या रंगांकडे आपण डोळे भरून पाहतो. पण ते कोणी चढविले, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याचे उत्तर सोपे होते. गावचा रंगारी! मंजिष्ठ किंवा आल यांच्या मुळ्यांपासून तांबडा, निळीच्या झाडापासून निळा, कुसुंब्याच्या फुलांपासून गुलाबी, हळदीपासून पिवळा, असा त्याचा संसार असे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवावयाचे, मग तुरटीच्या पाण्यात काढावयाचे, वाळवावयाचे, आणि त्यानंतर रंगाच्या कढईत उकळावयाचे. एकेका कापडास पुष्कळ दिवस लागत. पाणी किती तापवावे, तुरटी किती घालावी, हे कोठे लिहिलेले नसे. बाप बोट बुडवून सांगे आणि मुलगा लक्षात ठेवी. लहान धंद्याला अनुभवी मार्गदर्शक हवा असे आज आपण म्हणतो. त्या काळी तो घरातच ओट्यावर बसलेला असे.

हा मार्गदर्शक एका पिढीत निरुत्तर झाला. १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज तरुणास डांबरापासून जांभळा रंग सापडला. १८६९ साली जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्यच प्रयोगशाळेत तयार केले. पुढे १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. डब्यांतून येणारे हे रंग स्वस्त होते आणि दिसावयास झगझगीत होते. आमच्या रंगाऱ्याने डबा विकत घेतला, पण तो वापरावा कसा हे विचारणार कोणाला? बापाला ठाऊक नाही, दुकानदाराला ठाऊक नाही, आणि डब्यावरची भाषा वाचता येत नाही. काही रंग रेशमावर बसत, पण सुती कापडावर टिकत नसत. गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर विटलेले कापड घेऊन दारात उभे राही. पिढ्यान् पिढ्या मिळविलेली पत अशा रीतीने एका डब्यापायी जाऊ लागली.

येथे आम्हांस एक घरगुती गोष्ट आठवते. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने साबणाचा लहानसा कारखाना काढला. भांडवल होते, मेहनत होती, देवाला नारळही फोडला होता. पावसाळ्यात त्याच्या वड्या पाझरू लागल्या, माल परत आला आणि दुसऱ्या वर्षी दाराला कुलूप लागले. पुढे एका जुन्या साबणवाल्यास सहज विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “वड्या वाळवायला दिवस कमी दिले, एवढेच.” एवढ्या एका वाक्याची किंमत त्या मुलाच्या सगळ्या भांडवलाइतकी होती, ते त्याला वेळेवर ऐकावयास मिळाले नाही.

रंगाऱ्यांना असे वाक्य वेळेवर सांगणारा पुरुष गुजराथेत निघाला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ सालचा, सुरतेचा, सुतार घराण्यातला. वडील शिल्पशास्त्राचे जाणकार. मुलगा मुंबईस जाऊन रसायनशास्त्र शिकला आणि बडोदे कॉलेजात प्राध्यापक झाला. वाकस-पटाशी चालणाऱ्या घरात वाढल्यामुळे कारागिराचा अभिमान आणि त्याची अडचण, ही दोन्ही त्यांस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीत. आमच्या मते त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे मर्म येथेच आहे. केवळ पुस्तकी पंडित रंगाऱ्याला अडाणी ठरविता, आणि केवळ कारागीर असता तर डब्यातल्या द्रव्याची जात त्याला उमगली नसती. हिरडा-तुरटीची जुनी रीत टाकाऊ नाही, मंजिष्ठेचे कृत्रिम द्रव्य वापरावयाचे तरी तुरटीचा हात लागतोच, हे रंगाऱ्यास पटवून देण्यासाठी दोन्ही बाजू जाणणारा मनुष्य हवा होता. गज्जरांनी सुरतेस रंगकामाची प्रयोगशाळा काढली आणि ह्या विद्येसाठी ‘रंगरहस्य’ नावाचे गुजराथी त्रैमासिकही चालविले.

बडोद्यास त्या वेळी सयाजीराव महाराजांचे राज्य होते. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. त्यांच्या अल्पवयात सर टी. माधवरावांसारख्या मुरब्बी दिवाणाने राज्याची घडी बसविली आणि त्यांस कारभाराचे धडे दिले. जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकण्याचे मोल त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते. गज्जरांची योजना त्यांनी उचलून धरली आणि १८९० साली बडोद्यास कलाभवन उघडले. रंगकाम, चित्रकला, यंत्रकाम, सुतारकाम अशा विद्या तेथे एका छपराखाली आल्या. गज्जर त्याचे पहिले प्रमुख.

गज्जरांचा एक आग्रह आमच्या वाचकांना विशेष भावेल. कारागिराच्या मुलास त्याच्या भाषेत शिकविले पाहिजे, असे ते म्हणत. कलाभवनातील शिक्षण गुजराथीतून चाले. शास्त्रीय व धंदेविषयक पुस्तके देशी भाषांत करविण्यासाठी महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले आणि पारिभाषिक शब्दांचा बहुभाषी कोश रचण्याचे कामही गज्जरांनी हाती घेतले. ज्यांची मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी घोकतात, त्यांना ह्या आग्रहाचे कारण निराळे सांगावयास नको.

ह्या चित्राला एक काळी कडाही आहे, ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रंगकामाच्या शिक्षणास जर्मन कारखानदारांचे साहाय्य होते आणि ते केवळ विद्यादानाच्या हेतूने नव्हते. जितके रंगारी शिकतील तितके त्यांचे डबे खपणार. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन रंग यावयाचे थांबले आणि देशभर रंगाचा दुष्काळ पडला. तेव्हा ह्या व्यवहाराची दुसरी बाजू सर्वांच्या ध्यानी आली. तरीही आम्ही गज्जरांना दोष देत नाही. डबे बाजारात आलेच होते. प्रश्न होता तो रंगाऱ्याने ते जाणून वापरावे की न जाणता बुडावे, एवढाच.

कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरच्या एका भटजींचा मुलगा होता. चित्रकला, छायाचित्रण, ओतकाम, जे दिसेल ते त्याला हवे असे. गज्जरांनी त्याला संस्थेतील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा वापरू दिली, आणि १८९१ च्या सुमारास तीन रंगांचे ठसे करण्याची व दगडी छापाची कला शिकण्यासाठी रतलामला बाबूलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठविले. ही गोष्ट लहान दिसते, पण तीत मोठेपणा आहे. आपल्याजवळची विद्या कोठे संपते आणि पुढची कोणाकडे मिळेल, हे ओळखून शिष्याला दुसऱ्याच्या दारी धाडणारे गुरू थोडे. तो मुलगा म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. म्हणून त्यांची वाट सोपी झाली असे मात्र कोणी समजू नये. गोध्र्यास त्यांनी फोटोचे दुकान घातले. तेथे प्लेगात पत्नी आणि मूल गेले. बडोद्यास पुन्हा दुकान मांडले, तो कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा उठली आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. प्लेगावर आणि अफवेवर कोणत्या गुरूचा इलाज चालावा? पुढे ठसे करण्याच्या नि छपाईच्या त्याच विद्येवर त्यांनी छापखाना उभारला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला.

१८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. कलाभवन चालू राहिले, नावारूपास आले. पण तेथून बाहेर पडलेले पुष्कळ विद्यार्थी मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत नोकरीस लागले. स्वतःच्या कढईपाशी स्वतंत्रपणे उभा राहणारा रंगारी घडवावा, ही मूळ कल्पना त्या मानाने मागे पडली.

त्याच वर्षी मुंबईत चापेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले होते. हा पुतळा बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी मुंबईस दिलेला! दगडात मुरलेले डाग निघता निघेनात. ते शेवटी गज्जरांनी रसायनाने काढले. डांबर फासणाऱ्याच्या देशभक्तीस आम्ही हात जोडतो आणि काढणाऱ्याच्या विद्येसही. दोन्ही हात आपलेच होते. ह्या कामाने गज्जरांचा बोलबाला झाला. काळवंडलेल्या मोत्यांना पुन्हा तेज आणण्याची रीत शोधून त्यांनी पैसाही मिळविला, आणि मुंबईत स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा थाटली.

तेथे त्यांच्या हाताखाली जी माणसे तयार झाली, त्यांत कोटीभास्कर हे महाराष्ट्रीय आणि भाईलाल दाजीभाई अमीन हे गुजराथी, असे दोघे होते. परळला लहान प्रमाणावर औषधी द्रव्ये करण्याचा त्यांनी प्रारंभ केला आणि १९०७ साली बडोद्यास ‘अलेंबिक केमिकल वर्क्स’ उभे राहिले. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने पात्र. त्या काळी औषधांचे अर्क विलायतेहून येत आणि ते येथे होतील यावर फारसा कोणाचा विश्वास नसे. शिष्यांचे हात नवखे असले तरी मागे गज्जरांचा अनुभव आणि नाव होते. नव्या कारखान्याच्या बाटलीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते प्रथम अशा नावाकडे पाहूनच. भांडवलापेक्षाही हे देणे दुर्मिळ, कारण माल खोटा निघाला तर बुडते ते गुरूचे नाव.

गज्जर १९२० साली वारले. तेव्हा अलेंबिक तेरा वर्षांचे होते. कलाभवन १९४९ साली नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले आणि आज त्या विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा म्हणून नांदते आहे. फाळके, अमीन, कोटीभास्कर यांची नावे राहिली. सुरतेच्या प्रयोगशाळेत येऊन, गज्जरांपुढे विटलेल्या कापडाचा तुकडा धरून “साहेब, हे असे का झाले?” म्हणून विचारणारे रंगारी कोण होते, त्यांची नावे आमच्या वाचनात आली नाहीत. बडोद्यास आमचे पुष्कळ वाचक आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या माळ्यावर कलाभवनातील जुन्या वह्या, रंगाचे नमुने चिकटविलेली पाने किंवा आजोबांनी लिहून ठेवलेली रंगाची प्रमाणे सापडली, तर त्यांनी ती रद्दीत न घालता आम्हांस अवश्य कळवावे.