सिंदखेडच्या जाधवरावांची देशमुखी : वतन गेले, ‘राजा’ उरला

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या दोन गावांच्या नावांत आजही ‘राजा’ हा शब्द आहे. यांपैकी एकही गाव कधी स्वतंत्र राज्याची राजधानी नव्हते. निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा एकामागून एक सत्तांखाली देशमुखी आणि जहागिरी सांभाळणाऱ्या जाधवराव घराण्याची ती ठाणी होती. या घराण्याचे वतन सुमारे अडीचशे वर्षे टिकले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संपुष्टात आले.

वतन म्हणजे काय?

देशमुख हा परगण्याचा वंशपरंपरागत अधिकारी. महसुलाची वसुली, परगण्यातील बंदोबस्त आणि प्रसंगी सरकारच्या चाकरीला फौज पुरविणे ही त्याची कामे. हिशेबाचे दप्तर देशपांडे सांभाळीत. मोबदल्यात देशमुखाला इनाम जमिनी, वसुलीतील हक्क आणि मानपान मिळे. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत किताब राजपत्राने मिळतो आणि सहसा थोरल्या मुलाकडे जातो. जमीन विकली गेली तरी किताब राहतो. मराठी मुलखातील वतनाची घडण निराळी होती. येथे हक्काच्या मुळाशी काम आणि जमीन होती, भावाभावांत त्याच्या वाटण्या होत आणि सत्ता बदलली की नव्या धन्याकडून सनद करून घ्यावी लागे. म्हणूनच वतनदार घराण्यांच्या इतिहासात भाऊबंदकी आणि सत्तांतर हे दोन धागे सतत दिसतात.

लखुजी जाधवराव

घराण्याला थोरवी आणली ती लखुजी जाधवरावांनी. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्या या घराण्याकडे सिंदखेडची देशमुखी होती आणि लखुजी निजामशाहीचे मातब्बर सरदार होते. जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेड येथील वाड्यात झाल्याचे मानले जाते. पुढे शहाजीराजे भोसले यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दख्खनमधील दोन मोठी मराठा घराणी जोडली गेली.

हे नाते फार काळ सलोख्याचे राहिले नाही. खंडागळे यांचा हत्ती बेफाम झाल्याच्या प्रसंगातून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. त्यात लखुजींचे पुत्र दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी मारले गेले. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांना मिळाले. लखुजी आणि त्यांचे मुलगे, नातू व आप्त यांच्या मनसबींची एकत्रित बेरीज मोगल तवारिखांत २४ हजार जात आणि १५ हजार स्वार अशी दिली आहे. पुढे ते निजामशाहीत परतले. मात्र २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करण्यात आली. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. लखुजींचे बंधू जगदेवराव आणि इतर नातलग मोगलांकडे गेले. बादशहाने त्यांना मनसबी दिल्या. धनी बदलला, पण देशमुखी घराण्यातच राहिली.

एका घराण्याच्या दोन वाटा

सिंदखेडची शाखा मोगलांच्या चाकरीत राहिली असता अचलोजींच्या वंशातील धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले आणि १७०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांशी लढले. त्यांचे पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये शाहू महाराजांचा पक्ष सोडून गेले आणि अखेर निजामाकडे स्थिरावले. डिसेंबर १७५७ मध्ये खुद्द सिंदखेड येथे पेशव्यांच्या फौजेने वेढलेले रामचंद्र जाधव हे या चंद्रसेनांचेच पुत्र. त्यांच्या मदतीला निजामाची फौज आली आणि साखरखेर्डा येथे झालेल्या तहात निजामाला २५ लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला सोडावा लागला.

जिजाबाईंच्या पुत्राने नवी वतने देण्याचे टाळले आणि चाकरीचा मोबदला शक्यतो रोख देण्याचे धोरण ठेवले, हे या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगे आहे. वतनदार हे एका अर्थी राज्याचेच वाटेकरी असतात, असा इशारा पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही आढळतो. ज्या वतनाने घराणी उभी राहिली, त्याच वतनापायी त्यांची निष्ठा परगण्याशी बांधली गेली, राज्याशी नव्हे.

अखेर

घराण्याचे नंतरचे ठाणे देऊळगाव राजा. तेथील बालाजी देवस्थानाशी जाधव घराण्याचा संबंध जुना असून आश्विनातील यात्रेला मोठी गर्दी लोटते. वतनाचा शेवट मात्र १८५१ मध्ये झाला. जाधवांच्या निशाणाखालील अरब शिपायांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेशी निकराची झुंज दिली. हे बंड मानून घराण्याचे प्रमुख बाजीराव यांची वंशपरंपरागत मालमत्ता जप्त करण्यात आली. १८५६ मध्ये ते राजकैदी म्हणून मरण पावले. दरम्यान १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला होता. नव्या महसूल व्यवस्थेत देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलीचे काम गेले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारने किताब देण्याची प्रथाच बंद केली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने तेथील १९५० चा जमीनदारी निर्मूलन कायदा बुलढाणा जिल्ह्यालाही लागू झाला. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांचा वरिष्ठ सभागृहात बसण्याचा हक्क गेला, तरी त्यांचे किताब कायद्याने अबाधित राहिले. सिंदखेडला कायद्याने काहीच राखले नाही. ‘राजा’ राखला तो लोकांच्या बोलण्याने.

आज सिंदखेड राजा येथे लखुजींचा वाडा, रंगमहाल, मोती तलाव आणि लखुजींची भव्य समाधी पाहता येते. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरातील उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. देशमुखीच्याही आधी हे गाव नांदते होते, याची ती साक्ष आहे.