दादासाहेबांचा डेमो

परवा भाचा नाशिकला आला होता. नोकरी सांभाळून रात्री कॉम्प्युटर गेम बनवतोय. "मामा, आता नोकरीच सोडावी म्हणतो. बायकोला अजून बोललो नाहीये." मी काहीच बोललो नाही. त्याला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात घेऊन गेलो.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पण अख्ख्या चित्रपटाला पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो वाढत असताना रोज त्याची चित्रं घेतली. पडद्यावर बघता बघता रोपटं उभं राहिलं! आजच्या भाषेत हा डेमोच. तो पाहून कर्ज मिळालं, पण सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेच. शूटिंगला आलेल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि चालला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

डेमो दरवेळी पावतोच असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरी मंडळी हटली नाहीत. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं.

भाचा परतीच्या वाटेवर गप्पच होता. रात्री पाहिलं, तर लॅपटॉप बायकोच्या मांडीवर आणि हा शेजारी निकालाची वाट पाहत बसलेला.