अतिदक्षतेचा इशारा (पनवेल–उरण परिसर)

अतिदक्षतेचा इशारा, प्रचलित भाषेत 'हाय अलर्ट', ही दहशतवादी हल्ल्याची शक्यता दिसल्यास पोलीस व अन्य सुरक्षा यंत्रणांना दिली जाणारी सूचना होय. ब्रिटनमध्ये २००६ पासून धोक्याच्या पाच पातळ्या जनतेसाठी जाहीर केल्या जातात. भारतात नागरिकांसाठी अशी श्रेणीबद्ध पद्धत नाही. त्यामुळे पनवेल व उरण तालुक्यांतील रहिवाशांना इशारा कळतो तो मुख्यतः बातम्यांतून आणि रस्त्यावरील नाकाबंदीवरून. याला अपवाद न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा. २००४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार बंदरांसाठी सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. परंतु त्या जहाजे व बंदर यांच्यापुरत्या असतात, लगतच्या गावांसाठी नसतात.

== पार्श्वभूमी ==
१२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्यासाठी वापरलेली स्फोटके रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरवून रस्त्याने मुंबईकडे नेण्यात आली होती. नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोरही समुद्रातूनच आले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि कोकणाकडे जाणारा लोहमार्ग पनवेल परिसरात एकत्र येत असल्याने किनाऱ्यावरील प्रत्येक इशाऱ्याचा परिणाम येथील वाहतुकीवर होतो.

== प्रमुख प्रसंग ==
उरी येथील लष्करी तळावरील हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, २२ सप्टेंबर २०१६ रोजी, उरणमधील शाळकरी विद्यार्थ्यांनी शस्त्रधारी संशयित पाहिल्याचे सांगितले. नौदल व पोलिसांनी शोध घेतला, मुंबईसह किनारपट्टीवर इशारा देण्यात आला. संशयित मात्र सापडले नाहीत.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ तीन एके-४७ रायफली असलेली एक निर्मनुष्य नौका आढळली. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची असून मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडल्याने ती सोडून द्यावी लागली होती, असे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगितले. खुलासा इतक्या लवकर होणे हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य ठरले.

== यंत्रणा व पूर्वतयारी ==
पनवेल व उरण तालुके महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात असले, तरी तेथील पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतात. आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी मात्र २००५ च्या कायद्यानुसार अलिबाग येथील जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे आहे. एकाच संकटात दोन कार्यालयांचा मेळ त्यामुळे घालावा लागतो. किनाऱ्यावर 'सागर कवच' हा सराव होतो. त्यात नौदल, तटरक्षक दल व पोलीस भाग घेतात.

पहलगाम हल्ल्यानंतर ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षण सरावात उरणचा समावेश होता. नागरी संरक्षणाच्या संकेतांनुसार चढउतार होणारा भोंगा धोक्याची सूचना देतो, तर सलग एकसुरी भोंगा धोका टळल्याचे कळवतो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.