दोन साष्टी

अंधेरीच्या सीप्झमध्ये रोज जी हजारो माणसं गळ्यात कार्ड अडकवून शिरतात, त्यांतली मी एक. तिथल्या इमारतींच्या गर्दीत, झाडीआड, एका चर्चचे अवशेष उभे आहेत. छप्पर नाही, दर्शनी भिंत मात्र अजून शाबूत आहे. हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये साथ आली, माणसं मरू लागली, आणि गाव चर्चसकट सोडून लोक मरोळला गेले. १९७३ मध्ये सरकारने निर्यातीसाठी हा भाग कुंपणात घेतला तेव्हा चर्चही कुंपणाच्या आत आलं. आता वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते. एरवी तिथे वावर आमच्यासारख्यांचा, आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते काय आहे हेही ठाऊक नसतं.

हे चर्च बांधलं गेलं त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, एक तरुण इंग्रज गोव्याच्या बंदरात उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या आहेत. पुढे त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य गोव्याच्या साष्टीत गेलं. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या बेटावर आहेत त्याचं जुनं नावही साष्टीच. सहासष्ट गावांची ती साष्टी, अशी दोन्ही नावांची फोड सांगतात. दोन्हीकडे पोर्तुगीज आले, दोन्हीकडे देवळं पडली, दोन्हीकडे चर्चं उभी राहिली, आणि दोन्हीकडे ‘शत्रूवर प्रीती करा’ असं सांगणारा ग्रंथ वाचला गेला. त्या सांगण्याचं प्रत्यक्षात काय झालं, हा माझा प्रश्न आहे. तो मला सुचला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी कुणीतरी मंडपेश्वराचा फोटो टाकतं आणि जुने हिशेब निघतात.

मंडपेश्वर आमच्या बोरिवलीतलं. डोंगरात कोरलेलं शैव लेणं, बाराशे वर्षांहून जुनं. नटराजाचं मोठं शिल्प आहे, लकुलीश आहे. सोळाव्या शतकात अंतोनियो द पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या हाती ते आलं. लेण्याचं प्रार्थनागृह झालं, वर चर्च आणि मठाची इमारत चढली. आमच्या धंद्यात जुन्या सिस्टीमवर नवी चढवतात, तेव्हा जुनी कधीच पूर्ण पुसली जात नाही, कुठून तरी डोकावत राहते. इथेही तसंच झालं. वरची इमारत आता पडकी आहे, खालचा नटराज भंगलेल्या अवस्थेत का होईना पण आहे, आणि आतल्या एका भिंतीवर दगडात कोरलेला मोठा क्रूसही आहे. ग्रुपवर फोटो येतो तो क्रूसाचा. लगेच एक जण लिहितो, ‘आणि म्हणे प्रेमाचा धर्म!’

टोमणा अगदीच खोटा नाही, म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात ही शिकवण येते. येशू ती सांगतो ते रोमन अमलाखालच्या लोकांना. त्यांच्या बाबतीत ‘शत्रू’ हा शब्द काल्पनिक नव्हता. आपल्याकडे हा उपदेश परका नाही. पसायदानात ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला दुष्टपणा जावो एवढंच मागतात. एकनाथांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते: नाथ गोदावरीत स्नान करून येतात, एक यवन अंगावर थुंकतो, नाथ परत नदीवर जातात, असं एकशे आठ वेळा. तरी येशूच्या सांगण्यात एक वेगळी गोष्ट आहे. तिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. तो मनात काय वाटायला हवं याबद्दल फारसं बोलत नाही. तो कामं सांगतो. शत्रूसाठी प्रार्थना करा. सूर्य आणि पाऊस चांगल्या-वाईटात भेद करत नाहीत, तसे वागा. आणि फक्त आपल्याच भावांना सलाम केलात तर त्यात विशेष काय केलंत, असं विचारतो. सलाम! इतकी साधी, रोजच्या रस्त्यावरची कसोटी. आता या कसोटीवर साष्टीकडे बघू.

गोव्याची साष्टी १५४३ मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे आली. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने तिथली शेकडो देवळं पाडली. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, त्या याच काळात. माणसं रातोरात देव उचलून नदीपार गेली. साष्टीच्या दक्षिण टोकाची कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी ही गावं मात्र वाकली नाहीत. देवळं पाडली, त्यांनी पुन्हा बांधली. सारा देणं बंद केलं.

जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट कुंकळ्ळीत शिरले. चर्चसाठी जागा पाहायची आणि क्रूस रोवायचा असा बेत होता. त्यांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. फत्तेपूर सिक्रीत त्याने मौलवींशी वाद घातले होते, बादशहाचा स्नेह मिळवला होता. त्याच्यासोबतचा पिएत्रो बेर्नो मात्र देवळं पाडणाऱ्यांत पुढे असलेला माणूस. म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने तो दिवस अचानक उगवला नव्हता. गावाने बैठक घेतली आणि तलवारी, भाले, धनुष्यबाण घेऊन माणसं चालून आली.

पुढचं जेझुइटांनी लिहिलेल्या हकिकतींत आहे, आणि अशा हकिकती भाविकतेने लिहिलेल्या असतात हे धरूनच त्या वाचायच्या. गोन्सालो रॉद्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ त्यांच्यासोबत होता आणि त्याच्याकडे बंदूक होती. त्याने ती उचलली तेव्हा पाशेको या पाद्र्याने त्याला थांबवलं, आपण इथे लढायला आलेलो नाही असं बजावलं, आणि जमावाकडे वळून कोकणीत म्हणाला की भिऊ नका. चालून आलेले ते, आणि ‘भिऊ नका’ त्यांनाच! आक्वाविवा आणि पाशेको मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत मेले असं नोंदलं आहे. पाच जेझुइट, रॉद्रिग्ज आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. प्रेतं विहिरीत टाकली गेली.

त्या न झाडलेल्या बंदुकीशी मी पुन्हा पुन्हा अडखळते. देवळं पाडण्याची मोहीम चालवणाऱ्या व्यवस्थेतलीच ही माणसं. पण त्या घटकेला पाशेकोने ती शिकवण अक्षरशः पाळली, हेही नाकारता येत नाही. ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र मावत नाहीत. कुणाच्याही बाजूचा फॉरवर्ड असो.

मेलेल्यांनी मागितलेली क्षमा त्यांच्या राज्याने ऐकली नाही. असोळण्याच्या किल्ल्यावर बोलणी करायची आहेत असा निरोप गावच्या प्रमुखांना गेला. सोळा जण गेले. चौकशी नाही, खटला नाही, पंधरा जणांना तिथेच ठार केलं. एक निसटून साळ नदीत उडी टाकून गेला, तो थेट कारवारकडे. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. विहिरीत पडलेल्यांना चर्चने १८९३ मध्ये धन्य म्हणून जाहीर केलं. किल्ल्यात बोलावून मारलेल्यांची नावं शतकानुशतकं फक्त गावातच घेतली जात राहिली.

या सगळ्यानंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्सने गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्या पत्रातला एक भाग भाषाशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इथल्या भाषांचे उच्चार कानाला गोड लागतात, आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे, असं तो सांगतो. विल्यम जोन्सने हीच गोष्ट कलकत्त्यात मांडली त्याच्या दोनशे वर्षं आधी. पण मला तारीख जास्त बोलते. आपल्याच पंथाच्या पाच जणांना जिवे मारणाऱ्यांच्या जिभेवर जी भाषा होती, तिची गोडी या माणसाला तीन महिन्यांनी वर्णावीशी वाटली.

आणि तो तिथेच राहिला. १६१९ मध्ये मरेपर्यंत. कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं आणि कुठल्याही भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण ठरलं. १६१६ मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, रोमी लिपीत. पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं एखादं का देत नाही? प्रश्न नम्र आहे, पण त्यात केवढी तक्रार भरली आहे! आणि स्टीफन्सने ती लपवली नाही, आपल्याच ग्रंथाच्या दारात ठेवली.

उत्तर म्हणून त्याने ओवी दिली. लॅटिन स्तोत्रांचं भाषांतर करून देता आलं असतं. त्याने ज्ञानदेवांचा आणि नाथांचा छंद उचलला. नाथ तेव्हा पैठणला होते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणजे कुंकळ्ळीच्या दुसऱ्याच वर्षी. स्टीफन्सच्या स्वर्गाचं नाव वैकुंठ आहे. देवळातून हाकलून लावलेला शब्द त्याने चर्चमध्ये सन्मानाने बसवला.

स्टीफन्सचा फार उदोउदो करायची माझी तयारी नाही. मूर्तिपूजेबद्दल त्याच्या पुराणात कडक शब्द आहेत. जुनी पुराणं बंद करणाऱ्यांतलाच तो एक होता. असोळण्याला जे घडलं त्या सत्तेच्या छत्राखाली त्याने चाळीस वर्षं काढली. शत्रूवर प्रीती म्हणजे शत्रू आपल्यासारखा व्हावा अशी इच्छा, अशी त्याची समजूत असणार, आणि ती आज पुरेशी वाटत नाही. पण येशूची ती रस्त्यावरची कसोटी, सलामाची, लावली तर तो उतरतो. दुसऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या आजीला कळेल अशा छंदात हाक मारणं. ज्याने हे केलं त्याला समोरचा माणूस दिसला होता. गंमत अशी की राज्यकर्त्यांना एवढाही सलाम सोसला नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढून कोकणीवर बंदी घातली. स्टीफन्सच्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ठाऊक नाही. पुराण टिकलं ते घरोघरच्या हस्तलिखितांत, आणि मंगळूरकडे निघून गेलेल्या कुटुंबांच्या गाठोड्यांत. तिथेच १९०७ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. देवनागरीत यायला १९५६ उजाडलं.

आमच्या साष्टीत पारडं फिरलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी बेट घेतलं, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली. वसईच्या तटाखाली हजारो माणसं पडली होती. सूड घ्यायला कारणं होती, ताकदही होती. तहात मात्र पोर्तुगीजांना हत्यारं आणि निशाणं घेऊन जाऊ दिलं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना त्यांचा धर्म पाळायची मुभा दिली. याला प्रीती म्हणणं धाडसाचं होईल. राज्य चालवायचं होतं, शेतं पिकवणारी माणसं हवी होती. चर्चच्या घंटा तर विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशकाच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची, पोर्तुगीज ओतकामाची. भीमाशंकरची १७२९ ची. पण असोळण्यासारखं बोलावून मारणं इथे झालं नाही, आणि ज्यांना शिकवण लागू होती त्यांच्यापेक्षा, ज्यांनी ती ऐकलीच नव्हती ते तिच्या अधिक जवळ आले, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. मागे राहिलेल्यांचे वंशज आज मरोळ, कोंडिविटे, कुर्ला, गोराईला आहेत. १८८७ मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरात बोलतात मराठीच, आपल्या वळणाची.

कुंकळ्ळीत आता दोन्ही स्मारकं आहेत. जिथे प्रेतं टाकली त्या विहिरीपाशी चॅपेल आहे, आणि किल्ल्यात मारलेल्या प्रमुखांचंही स्मारक उभं राहिलं आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या काळात डोंगरापलीकडे फातर्प्याला नेली होती, ती अजून तिथेच आहे. पण दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत ती वाजतगाजत आपल्या मूळ गावी येते. सोबत छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा. हे बारा वांगड म्हणजे गावची मूळ बारा घराणी. त्यांतल्या काही घराण्यांतली माणसं चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली. त्यांचा मान गावाने काढून घेतला नाही. मिरवणूक निघते तेव्हा गुलाल उधळला जातो, आणि तो छत्रीखाली कोण आहे हे विचारून पडत नाही.