उसण, गृध्रसी आणि सरकलेली गादी

राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह यांचे इतिहास आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहेत. दुखण्यांच्या इतिहासाच्या वाटेस मात्र फारसे कोणी जात नाही. वस्तुतः रणांगणावर किती माणसे पडली ह्याइतकेच, घरोघर किती माणसे अंथरुणास खिळली आणि ती कशाने उठली, हेही समाजाच्या चरित्रात यावयास हवे. अशाच एका दुखण्याची हकीकत सांगण्याचे आज आम्ही योजिले आहे. आमच्या आजीच्या तोंडी ते उसण किंवा चमक होते, वैद्यांच्या पोथीत गृध्रसी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सायाटिका. आणि कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये त्याला 'गादी सरकली' असे म्हणतात. ही नावे तंतोतंत एकाच विकाराची नव्हेत; परंतु कमरेत उठून पायात उतरणाऱ्या त्या कळेभोवतीच ती सर्व फिरत आहेत.

ह्या विषयाकडे आम्ही निव्वळ जिज्ञासेने वळलो असे म्हटले तर ते खरे होणार नाही. आमचे राहणे कल्याणास आणि अध्यापन ठाण्यास. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलण्यास आम्ही वाकलो, तो कमरेतून डाव्या टाचेपर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली. पुढे तपासणीत चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी बाहेर आल्याचे चित्र निघाले. एका शल्यविशारदांनी आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करावी असे सांगितले. दुसऱ्यांनी सहा आठवडे थांबून पाहा म्हटले. दोघेही विद्वान, दोघेही आमचे हितचिंतक. अशा पेचात सापडलेला इतिहासाचा अध्यापक दुसरे काय करणार? आपल्यापूर्वी ज्यांना हे दुखणे झाले त्यांनी काय केले, हे तो शोधू लागतो.

प्रथम घरच्या उपायांविषयी. कल्याणच्या जुन्या वाड्यांत कंबर धरली की निरगुडीचा पाला गरम करून बांधीत, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक देत, तिळाचे तेल कोमट करून चोळीत. ह्याहून एक चमत्कारिक उपाय होता. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा पायाळू मनुष्याने दुखणाऱ्या कमरेस हलकेच लाथ मारावी, म्हणजे उसण जाते, अशी समजूत होती. आमच्या लहानपणी वाड्यातील एका पायाळू मुलास ह्या कामासाठी सन्मानाने बोलावीत व वर खाऊही देत. आज आपण त्यास हसतो. परंतु लाथ खाल्लेली पुष्कळ माणसे चारआठ दिवसांत खरोखरच चालू लागत, ही गोष्ट हसून घालविण्याजोगी नाही. तिचा उलगडा पुढे होईल.

आगगाडीच्या प्रवासाने हे दुखणे आणले, असे आमचे डोंबिवलीकर मित्र पैजेवर सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत गाडी आली, १८५४ साली ती कल्याणास पोहोचली, आणि तेव्हापासून हा सारा टापू हळूहळू चाकरमान्यांचा झाला, हे खरे. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवून अर्ध्या अंगाने तासभर बसणाऱ्यास कंबर आहे ह्याची जाणीव राहते, हेही खरे. तथापि व्याधी गाडीहून फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा जो अठ्ठाविसावा अध्याय आहे, त्यात कुल्ल्यापासून आरंभ होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल ह्या क्रमाने उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन येते. मज्जातंतूच्या मार्गाचा नकाशा हाती नसता ते इतके अचूक उतरले आहे की, वाचताना आम्ही नकळत आपल्याच पायावरून बोट फिरविले. रोग्याची चाल गिधाडासारखी होते, म्हणून गृध्रसी हे नाव पडले असे सांगतात. चरकाने सांगितलेले उपाय म्हणजे शिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म. म्हणजे रक्त काढणे, औषधी तेल-काढ्यांचा बस्ती देणे आणि डाग देणे. कमरेवर उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवण्याचा जो उपचार आज ठाण्या-कल्याणात ठिकठिकाणी होतो, तोही ह्याच परंपरेचे नाव सांगतो.

ज्यांना वैद्य परवडत नसे, किंवा वैद्याने ज्यांचे भागत नसे, ते देवाकडे जात; आणि ठाणे जिल्ह्यात देवाशेजारीच कढत पाणी होते. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. १७३९ साली वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांच्या नवसातून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, आणि यात्रेकरूंबरोबर सांधे धरलेली व कंबर मोडलेली मंडळीही कुंडांत उतरू लागली. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात व कळ काही काळ निवते, एवढे आजचे शास्त्रही मानते. बाहेर आलेली गादी मात्र कढत पाण्याने आत जात नाही.

यूरोपातही प्रकार निराळा नव्हता. हिपोक्रातिसाच्या परंपरेतील वैद्य रोग्यास फळीवर बांधून दोहोंकडून ताणीत. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो ह्यांनी ही कळ खुब्याच्या सांध्याची नसून मज्जातंतूची असू शकते, हे ग्रंथाने दाखविले. परंतु उपाय मात्र कातडीवर फोड आणण्याचाच ठेविला, जो आपल्या डागण्याचा सख्खा भाऊ म्हणावा. उताणे निजवून पाय सरळ वर उचलून पाहण्याची जी परीक्षा आजही प्रत्येक डॉक्टर करितो, ती १८८१ साली लासेग ह्यांच्या शिष्याने आपल्या प्रबंधात नोंदविली. तंतू दुखतो हे कळले; तो का दुखतो, हे कळावयास आणखी अर्धे शतक गेले. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार ह्या दोघा शल्यविशारदांनी सिद्ध केले की, दोन मणक्यांमधील गादीचा मऊ गाभा तिच्या कडक कड्यातून बाहेर पडतो आणि तंतूस दाबतो. तो काढून टाकला असता पाय मोकळा होतो.

हा शोध थोर होता ह्यात शंका नाही. परंतु थोर शोधाच्या छायेत कधी कधी एक लहान चूक वाढीस लागते. दुखण्यास नाव मिळाले, चित्र मिळाले आणि शस्त्र मिळाले; तेव्हा शस्त्राशिवाय जो उपाय उरला तो केवळ पडून राहण्याचा. गादी काढावयाची नसेल तर पलंगावर फळी टाकून आठवडेच्या आठवडे निजून राहावे, पायास वजने लावावीत, कमरेस पट्टा बांधावा, हा दंडक झाला. आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येक कारकून व शिक्षक असे महिना-महिना फळीवर पडलेले आम्ही पाहिले आहेत. ते उठत तेव्हा कळ गेलेली असे, परंतु पायांतले बळही गेलेले असे.

ह्याच काळात हालचालीचा मार्ग आपल्या महाराष्ट्रात निराळ्या हेतूने आखला जात होता. कल्याणहून बोरघाट चढून गेले की लोणावळे लागते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांची परीक्षा क्ष-किरणांनी व मोजमापांनी करण्याचा उपक्रम आरंभिला. योग हा गुहेतून प्रयोगशाळेत आला तो येथे. पुढे १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार पुण्यास आले; दोर, पट्टे, ठोकळे व खुर्च्या यांच्या आधाराने दुखऱ्या शरीरासही आसन बेताने कसे करविता येईल, ह्याची त्यांनी पद्धतच घालून दिली. ठाण्यातही घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थांनी अनेक वर्षे मध्यम वर्गातील स्त्रीपुरुषांस आसने शिकविली आहेत.

दूर न्यूझीलंडमध्ये हीच वाट एका योगायोगाने सापडली. १९५६ साली वेलिंग्टन येथे रॉबिन मॅकेन्झी ह्यांच्या उपचारगृहात कमरेने व पायाने त्रस्त असा एक रोगी आला. डोक्याकडची बाजू वर उचललेल्या मेजावर तो चुकून पालथा निजला. मॅकेन्झी घाबरून धावले, तो रोगी म्हणतो की पायाची कळ नाहीशी झाली. पालथे निजून छाती उचलणे, हे आपल्याकडील भुजंगासनाच्या जवळचेच नव्हे काय? मात्र म्हणून भुजंगासन हाच रामबाण, असे समजू नये. पुष्कळांस मागे वाकण्याने आराम पडतो, तर काहींची कळ त्यानेच वाढते. ज्या हालचालीने कळ पायातून माघार घेऊन कमरेकडे येते ती हितकर, आणि जिने ती पावलाकडे पसरते ती तूर्त वर्ज्य, ही खूण त्या वेलिंग्टनच्या मेजावरून जगास मिळाली.

आता पायाळू मुलाच्या लाथेचा उलगडा. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ माणसांच्या पाठीची चुंबकीय चित्रे काढण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या एका तरी गादीस फुगवटा होता व २७ टक्क्यांची गादी अधिक स्पष्टपणे पुढे आलेली होती. आणि ही सर्व मंडळी खुशाल हिंडत फिरत होती! १९९९ साली नेदरलंड्समध्ये सायाटिकाच्या १८३ रोग्यांपैकी काहींस दोन आठवडे निजवून ठेवले, काहींस यथाशक्ति वावरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील ८७ टक्के रोगी सुधारले होते; निजण्याने काहीच अधिक साधले नाही. २००७ साली त्याच देशात तीव्र कळ असलेल्या २८३ रोग्यांचे दोन भाग केले. शस्त्रक्रिया लवकर झालेल्यांची कळ लवकर थांबली. थांबून पाहिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांस पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. परंतु वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के माणसे बरी होती. बाहेर पडलेला गाभा शरीरास परका वाटतो, रक्तातील भक्षक पेशी त्यास हळूहळू खाऊन टाकतात, आणि तो पुष्कळदा आपोआप आक्रसतो, असेही दिसून आले आहे.

ह्याचा अर्थ असा की, आपण दोन हजार वर्षे काकतालीय न्यायाने चाललो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, तसे दुखणे आपल्या गतीने ओसरत होते, आणि त्या घटकेस जो उपाय चालू असेल तो यशाचा धनी होत होता. कोठे निरगुडी, कोठे डाग, कोठे कुंड, कोठे लाथ, तर कोठे फळी! घाईने केलेल्या काही शस्त्रक्रियांनाही हाच न्याय लागू पडेल. मग सर्व उपाय सारखेच का? नव्हे. शेक, तेल व हलके मर्दन ह्यांनी वाट पाहण्याचे दिवस सुसह्य होतात; चालणे व बेताचा व्यायाम ह्यांनी अंगातले बळ टिकते. डागाने कातडी जळते, हाडवैद्याच्या हिसक्याने अपाय होऊ शकतो, आणि फळीने स्नायू वाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिने व्यायाम, रोग्यास नीट समजावून सांगणे आणि मर्दनासारखे काही उपचार पसंत केले; पट्टे व वजनांचा ताण नापसंत केला. ती मार्गदर्शिका खास गादीच्या विकाराकरिता नाही. परंतु वाऱ्याची दिशा तिच्यावरून कळते.

येथे वाचकांस एक गोष्ट बजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे. धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. लघवी किंवा शौच ह्यांवरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पाऊल उचलेनासे होणे किंवा पायातील बळ दिवसेंदिवस घटणे, ह्यांपैकी एकही चिन्ह दिसले तर निरगुडीचा पाला बाजूस ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग अशी पार्श्वभूमी असेल तरीही दुखणे अंगावर काढू नये. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे पाऊल लुळे पडत चालले होते. वेळीच झालेल्या शस्त्रक्रियेने ते आज चालतात. मिक्स्टर व बार ह्यांचे ऋण अशा वेळी कळते.

आमच्या पायात बळ होते व धोक्याचे एकही चिन्ह नव्हते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही थांबलो. पहिले दोन आठवडे रात्री झोप आली नाही, आणि आपण चूक तर करीत नाही ना, ही शंका कळेइतकीच जागवीत होती. तिसऱ्या आठवड्यापासून घरातल्या घरात, मग काळ्या तलावाभोवती सकाळी चालू लागलो. अकराव्या आठवड्यात पुन्हा ठाण्याची गाडी धरली. आमच्या मावशी ह्याचे श्रेय निरगुडीस देतात, योगशिक्षक भुजंगासनास देतात, आणि आमचे शेजारी वज्रेश्वरीच्या एका स्नानास. आम्ही कोणाचेच मन मोडीत नाही. फक्त उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आता कंबर न वाकविता, गुडघे मोडून, दोन खेपांत उचलतो.